लाल शाईच्या वह्या

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, निपाणीपासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावी मुंबईचे इंग्रजी दैनिक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचत असे. गावात त्याचे वर्गणीदार तिघेच होते : डॉक्टर, साखर कारखान्यातील एक अधिकारी आणि हायस्कुलात इंग्रजी शिकविणारे एक शिक्षक. पहिले दोघे अंक बातम्यांसाठी घेत. सरांना बातमीचे अप्रूप नव्हते, कारण ती त्यांनी मराठी दैनिकात आदल्याच दिवशी वाचलेली असे. इंग्रजी अंक ते वाचीत तो भाषेसाठी. हाती लाल शाईचे पेन, शेजारी रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण, मांडीवर दोनशे पानी वही. चुकलेले वाक्य कात्रीने कापायचे, गव्हाच्या खळीने वहीत डकवायचे, दोषस्थळाखाली रेघ ओढायची आणि समासात शुद्ध रूप व नियमाचा क्रमांक लिहायचा, हा परिपाठ त्यांनी १९६८ पासून निवृत्तीनंतरही कित्येक वर्षे चालविला. वह्या एकूण एकतीस झाल्या.

या वह्यांकडे एका विक्षिप्त माणसाचा छंद म्हणून पाहणे सोपे आहे, आणि गाव तसेच पाहत असे. परंतु वर्तमानपत्राची भाषा, तिची शुद्धता आणि त्या शुद्धतेचा पहारा करणारा वाचक या तिहींचे नाते ज्याला तपासावयाचे आहे, त्याला ग्रंथालयातील पुष्कळ ग्रंथांपेक्षा या वह्यांतून अधिक हाती लागेल. शिवाय एका विशिष्ट पानावर येऊन त्या वह्या जे सांगतात, ते सरांनाही सांगावयाचे नव्हते.

पहिल्या दोन वह्या जवळजवळ निरुपयोगी आहेत. त्यांत बहुतेक मथळेच डकविलेले आहेत, आणि प्रत्येकात गाळलेली उपपदे व साहाय्यक क्रियापदे लाल शाईने भरून काढलेली आहेत. घडून गेलेल्या घटनेसाठी वर्तमानकाळ वापरला, म्हणून तेथे भूतकाळ बसविला आहे. मथळ्याचे व्याकरण हे वाक्याच्या व्याकरणाची बिघडलेली आवृत्ती नसून ती एक स्वतंत्र व्यवस्था आहे, असे प्रतिपादन हाइनरिख श्ट्राउमान याने १९३५ मध्येच इंग्रजी मथळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून केले होते. सरांच्या वाचनात तो आलेला नव्हता. तरीही तिसऱ्या वहीपासून मथळे एकदम नाहीसे होतात. मागे जाऊन सरांनी पहिल्या दोन्ही वह्यांतील शेकडो दुरुस्त्यांवर एकेक तिरकी रेघ मारलेली आहे. ग्रंथाच्या आधाराशिवाय, केवळ निरीक्षणाने, एका तालुक्यातील शिक्षकाने आपलाच सिद्धान्त मागे घेतल्याची ही नोंद आहे. ज्याला नियमांचे वेड लागले आहे तो नियम बदलू शकत नाही, हा आपला समज येथे थोडा ढळतो.

तिसऱ्या वहीपासून खऱ्या चुका लागतात. 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ', 'डिस्कस अबाउट', 'काँप्राइज ऑफ'. 'वन ऑफ द' नंतर येणारे एकवचनी नाम. लोंबकळत राहिलेले धातुसाधित, ज्यामुळे व्यासपीठावर चढताना मंत्र्यांऐवजी हार घसरून पडल्याचा अर्थ निघावा. क्रियापदाची कर्त्याशी फारकत होते ती बहुधा मध्ये सहासात शब्दांचा उपवाक्याचा डोंगर आल्यामुळे. या सगळ्यांत शब्दयोगी अव्ययांच्या चुका सर्वांत जास्त आहेत, आणि मराठी वाचकाला त्यांचे नवल वाटू नये. जी भाषा हे काम प्रत्ययांनी आणि नामाला चिकटणाऱ्या अव्ययांनी उरकते, तिच्यातून इंग्रजीत जाणाऱ्याची पहिली ठेच याच उंबऱ्यावर लागते.

सर याला चूक म्हणत. पण त्यांच्या लेखी सगळ्या चुका सारख्या नव्हत्या. पत्राच्या किंवा भाषणाच्या इंग्रजीला ते हात लावीत नसत. राग होता तो फक्त छापील इंग्रजीवर. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलाला त्या काळी जिवंत इंग्रजी भेटण्याचे ठिकाण एकच होते. पाठ्यपुस्तक वर्षाला एक. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. गावात इंग्रजी चित्रपट लागत नाही. 'इंग्रजी सुधारायचे असेल तर इंग्रजी पेपर वाच' हा उपदेश महाराष्ट्रातील किती पिढ्यांनी ऐकला असेल ! या उपदेशाला इतिहासही आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन शेजारच्या स्तंभांत. एकाच पानावर दोन भाषा आमनेसामने आल्या, की वृत्तपत्र आपोआप पाठ्यपुस्तक होते. १८८१ च्या आरंभी पुण्यात दोन दिवसांच्या अंतराने 'मराठा' आणि 'केसरी' निघाले, तेव्हा त्यांतले इंग्रजी पत्र आपले म्हणणे राज्यकर्त्यांच्या भाषेत निर्दोषपणे मांडता येते, हे दाखविण्यासाठीही होते. छापील इंग्रजीचा दोष म्हणूनच सरांना एका लेखकाचा दोष वाटत नसे. टांकसाळीतूनच खोटे नाणे बाहेर पडावे, तसा तो त्यांना वाटे. ते ज्या मुलांच्या हाती जाणार, त्यांच्याजवळ खऱ्याखोट्याची पारख करायला दुसरे नाणेच नव्हते.

याचा प्रत्यय एका सहामाही परीक्षेत आला. नववीतल्या एका मुलाने निबंधात 'डिस्कस अबाउट' लिहिले. सरांनी अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी मुलगा डॉक्टरांच्या दवाखान्यातून जुना अंक घेऊन आला. अग्रलेखाच्या शेजारच्याच लेखात तोच प्रयोग होता. वर्ग हसण्याच्या तयारीत होता. सरांनी अंक पाहिला, कात्री मागविली, वाक्य कापून खिशात ठेवले आणि म्हणाले, ''यांचाही अर्धा गुण कापला.'' मुलाचा गुण त्याला परत मिळाला नाही. त्या रात्री सरांनी संपादकांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही, ते छापलेही गेले नाही. मात्र तो मुलगा त्या दिवसापासून संध्याकाळी सरांच्या पडवीत येऊन बसू लागला. कापायचे वाक्य तो सांगे, नियम सर सांगत. कष्टकऱ्याच्या घरातला, तंबाखूच्या वखारीत आई कामाला असलेला हा मुलगा पुढे मुंबईत एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक झाला. त्याचे इंग्रजी कोणत्याही कॉन्व्हेंटमध्ये घडलेले नव्हते, ते या पडवीत घडले. शुद्धतेच्या आग्रहाला सत्तेचे हत्यार म्हणून एका शब्दात निकालात काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ज्याला प्रवेशच नाकारलेला असतो, त्याला दाराचे कुलूप कसे उघडते हे कोणी तरी शिकवावेच लागते.

आणि तरीही कुलूप कोणी बनविले, हा प्रश्न उरतोच.

इंग्रजी वृत्तपत्रांतील चुका वेचून त्यांचे पुस्तक करण्याची कल्पना सरांची नव्हती. आर्नल्ड राइट या पत्रकाराने १८९१ मध्ये लंडनहून एक पुस्तक प्रसिद्ध केले. एतद्देशीयांनी चालविलेल्या इंग्रजी पत्रांतील विनोदी वाटणारे उतारे त्यात एकत्र केले होते, आणि शीर्षकातच 'बाबू इंग्लिश' हा शब्द होता. हेतू करमणुकीचा होता. पंधरा वर्षांनी, १९०६ मध्ये, हेन्री आणि फ्रान्सिस या फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' हा आपला विख्यात ग्रंथ काढला. त्यातही छापील चुकांचा खच आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग थेट वृत्तपत्रांतून उचललेला आहे. प्रत्येक उताऱ्याखाली पत्राचे नाव आहे. लंडनचा 'टाइम्स' त्यात वारंवार भेटतो, 'स्पेक्टेटर' भेटतो. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचे पुस्तक आले. विषय होता, भारतीयांकडून इंग्रजी लिहिताना होणाऱ्या वाक्प्रचारांच्या चुका. त्याचे नाव 'इंडियन इंग्लिश'.

ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. रीत एकच आहे : छापील वाक्य घ्यावे, दोष दाखवावा, शुद्ध रूप सांगावे. चुकाही पुष्कळदा त्याच जातीच्या आहेत. परंतु फाउलर बंधूंच्या पुस्तकात चूक ही त्या त्या लेखकाची आळशी सवय असते. तिच्यावरून इंग्रज समाजाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. व्हिटवर्थ यांच्या पुस्तकात मात्र, त्यांचा सूर राइटइतका उपहासाचा नसला आणि हेतू शिकविण्याचा असला तरी, चूक एका समाजाची होते आणि तिला त्या समाजाचे नाव मिळते. लंडनचा अग्रलेखकार चुकला तर त्याचा हात घसरला; मुंबईचा चुकला तर त्याची जात कळली. व्याकरणाच्या दृष्टीने हा भेद निराधार आहे. पण वाचकाच्या मनात तो इतका खोल रुजला, की नंतरच्या काळात तो जोपासायला इंग्रजांची गरज राहिली नाही. सरांच्या वह्यांत ब्रिटिश लेखकांचे भारतीय पत्रांत पुनर्मुद्रित झालेले लेखही आहेत. पण त्यांच्यावरची लाल शाई फार पातळ आहे. एका ठिकाणी तर समासात केवळ प्रश्नचिन्ह काढून सरांनी पान उलटले आहे. भारतीय नावाच्या लेखकाने तेच वाक्य लिहिले असते, तर प्रश्नचिन्हाऐवजी नियमाचा क्रमांक पडला असता, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरू नये. ज्या रेनच्या आधाराने ते निवाडा करीत, तो पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला माणूस आणि परकीय पलटणीच्या साहसकथांसाठी जगभर गाजलेला कादंबरीकार, हे त्यांना विद्यार्थ्याकडून कळले, तेव्हा त्यांना ते फारसे आवडले नव्हते.

मुंबईस गेल्यावर त्या विद्यार्थ्याने सरांना दोन गोष्टी पुरविल्या. एक म्हणजे पुस्तके. निहलानी, टाँग आणि होसाली यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलेली, भारतीय आणि ब्रिटिश इंग्रजी प्रयोग शेजारी शेजारी मांडणारी पुस्तिका त्याने आणून दिली. पुढे ब्रज काचरू यांचे लेखही. १९९० मध्ये रँडॉल्फ क्वर्क यांनी इंग्रजीच्या एकाच प्रमाण रूपाचा कैवार घेतला, आणि पुढच्या वर्षी काचरू यांनी त्यांना उत्तर दिले. हा वाद सरांनी मोठ्या चवीने वाचला आणि क्वर्कच्या बाजूने निकाल दिला. 'प्रीपोन' हा शब्द तर्कशुद्ध आहे, 'पोस्टपोन'ला जोड हवीच होती, हे त्यांना मान्य असे. पण तो लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापला जाईल, हेही ते सांगत. 'लाठीचार्ज' आणि 'घेराव' हे शब्द त्यांनी बिनतक्रार स्वीकारले होते. वस्तू इथली आहे, तर नाव इथलेच असणार, असे ते म्हणत. आज या भूमिकेतील विसंगती दाखविणे अवघड नाही. परंतु विसंगती कोठे नाही ? मराठीत 'पाणि' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापणारा आणि बोलींच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान देणारा प्राध्यापक एकच असतो.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. वाक्य चुकते कसे, हे त्याने सरांना सांगितले. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ पत्रकार नसे. कोणी वकील, कोणी दुकानदार. तो मराठीत विचार करी आणि इंग्रजीत तार पाठवी. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून उपपदे आणि शब्दयोगी अव्यये तो आधीच गाळून टाकी. वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवरून येणारा मजकूर तर सगळाच मोठ्या अक्षरांत असे. विशेषनाम कोणते आणि सामान्यनाम कोणते, हे डेस्कवर ठरायचे. रात्री साडेबारा वाजता, डाक आवृत्तीचे पान सोडून शहर आवृत्तीचे पान लावताना, गडहिंग्लजच्या वार्ताहराने गाळलेले अव्यय मुंबईतला उपसंपादक अंदाजाने भरी. सरांच्या वह्यांतील हजारो चुकांपैकी मोठा हिस्सा हा असा : एकाने काटकसरीने गाळलेले आणि दुसऱ्याने घाईने भरलेले. ''म्हणजे मी चूक दुरुस्त करीत होतो ती कोणाची ?'' असे सरांनी विचारले, तेव्हा विद्यार्थी हसून म्हणाला, ''सर, तारखात्याची.'' पुढे संगणकावर पाने लागू लागली आणि अनेक वृत्तपत्रांतून मुद्रितशोधकांचे खातेच उठले. त्यानंतरच्या वह्यांत चुकांची जात बदलते. अव्यये सुधारतात, पण संगणकाला दोन्ही रूपे मान्य असल्यामुळे 'इट्स' मधला ऊर्ध्व विराम हवा तेथे नसतो आणि नको तेथे असतो; 'लूज' आणि 'लॉस', 'हेल' आणि 'हेल' यांची अदलाबदल होते. वृत्तपत्रीय भाषेच्या इतिहासकाराला यंत्रांचा इतिहास टाळता येणार नाही.

आता ते पान. १९९४ च्या दिवाळीत विद्यार्थी गावी आला असता पडवीत बसून जुन्या वह्या चाळत होता. १९८१ च्या वहीत त्याला निपाणीची बातमी सापडली. त्या वर्षी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर बसले होते, आणि एप्रिलमध्ये पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला, शेतकरी मेले. कापलेले वाक्य असे होते : 'द पोलीस हॅड टु रिझॉर्ट टु ओपन फायर'. 'ओपन' या शब्दाखाली लाल रेघ, आणि समासात 'ओपनिंग'. खाली नियम : येथील दुसरा 'टु' हा शब्दयोगी आहे, त्यापुढे धातू येत नाही, धातुसाधित नाम येते.

दुरुस्ती अचूक आहे. तिच्यात काडीची खोट काढता येणार नाही. विद्यार्थ्याने वही सरांपुढे धरली आणि विचारले, ''सर, या वाक्यात आणखी काही चुकलेले नाही ?'' सरांनी चष्मा लावला, वाक्य दोनदा वाचले. ''नाही रे,'' ते म्हणाले, ''ओपनिंग केले की निर्दोष आहे.''

त्या गोळीबारात विद्यार्थ्याच्या चुलत्यांच्या मांडीत गोळी लागली होती. ते आयुष्यभर लंगडत राहिले. सरांना हे ठाऊक होते, एवढेच म्हणणे अपुरे आहे. चुलत्यांना पाहायला सर त्या आठवड्यात मिरजेला जाऊन आले होते, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी गावात वर्गणी गोळा करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले होते. मिरजेहून परत आल्यावर त्यांनी साठलेले अंक वाचले, आणि हे वाक्य कापले. एकाच माणसाच्या एकाच आठवड्यातील या दोन कृती. आणि तेरा वर्षे त्यांची एकमेकींशी गाठ पडली नव्हती.

विद्यार्थ्याने पुढे जे सांगितले, ते कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते, डेस्कवरच्या अनुभवातून आलेले होते. हे वाक्य वार्ताहराचे नाही. ते पोलिसांच्या निवेदनातले आहे. 'रिझॉर्ट' म्हणजे दुसरा उपाय उरला नाही म्हणून शेवटचा उपाय योजणे. दुसरे उपाय योजले होते की नाही, हे चौकशीत ठरायचे. वाक्याने ते ठरवूनच टाकले आहे. 'हॅड टु' ने त्यावर शिक्का मारला आहे. कर्ता वाक्यात आहे, प्रयोग कर्तरी आहे, क्रियापद कर्त्याशी जुळते आहे, आणि तरी करणाऱ्याने काही केलेलेच नाही. त्याला ते करावे लागले.

सरांनी यावर एक प्रश्न विचारला : मराठी पत्राने काय छापले होते ? विद्यार्थ्याला आठवत नव्हते. पण अशा प्रसंगी मराठीत काय छापले जाते, हे दोघांनाही माहीत होते. 'पोलिसांना गोळीबार करावा लागला.' सर काही वेळ गप्प राहिले. मग ते म्हणाले, ''तृतीयेची चतुर्थी केली.'' 'पोलिसांनी केला' म्हटले की करणारा तृतीयेत, कृतीच्या मागे उभा असतो. 'पोलिसांना करावा लागला' म्हटले की तोच चतुर्थीत जाऊन बसतो, जेथे भूक लागणारा, ताप येणारा, दुःख होणारा माणूस बसतो. गोळीबार ही त्याच्यावर आलेली पाळी होते. मराठीला कर्ता लपवण्यासाठी कर्मणी प्रयोगाची गरज नाही, 'करण्यात आला' या सरकारी प्रयोगाचीही नाही. एक 'ना' पुरतो. इंग्रजीत जे काम दोन क्रियापदांनी केले, ते मराठीने एका प्रत्ययात उरकले. कदाचित त्यामुळेच ते अधिक नकळत उरकते.

वृत्तपत्राच्या वाक्यरचनेचा असा विचार पाश्चात्त्य अभ्यासकांनी केलेला आहे. टोनी ट्रू याने १९७५ च्या जूनमधील सॅलिसबरी, म्हणजे आजचे हरारे, येथील गोळीबाराची ब्रिटिश पत्रांनी दिलेली वृत्ते तपासली. एका पत्राच्या मथळ्यात पोलीस कर्ते होते. दुसऱ्याने कर्मणी प्रयोगात दंगलखोरांना आरंभी आणून पोलिसांना मागे ढकलले. आणि नंतरच्या मजकुरांत मारणारा उत्तरोत्तर विरत जाऊन दंगल व प्राणहानी एवढेच उरले. हा लेख 'लँग्वेज अँड कंट्रोल' या १९७९ च्या संग्रहात आहे. त्याच्या संपादक-लेखकांपैकी रॉजर फाउलर यांनी १९९१ मध्ये वृत्तपत्रांच्या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका फाउलर द्वयाने शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांतील अशुद्ध वाक्ये वेचली आणि त्याच आडनावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने शतकाच्या अखेरीस शुद्ध वाक्ये वेचली, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात राहण्यासारखा. मध्ये १९४६ मध्ये ऑर्वेल होऊन गेला. राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील आपल्या निबंधात त्याने अर्थ स्पष्ट होत असेल तर शुद्ध व्याकरणाला काही महत्त्व नाही, असे सांगून टाकले. सरांना हा निबंध ठाऊक होता. महाविद्यालयात तो त्यांनी अभ्यासला होता. नेमके हे विधान त्यांना अतिशयोक्त वाटत आले होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्याजोगे नाही. 'टु' हा येथे शब्दयोगी आहे की धातूचे चिन्ह, एवढ्या बारकाईने जो वाक्य वाचतो, त्याचीच नजर 'रिझॉर्ट'वर अडखळण्याची शक्यता अधिक. जो 'ओपन' आणि 'ओपनिंग' यांत फरक करीत नाही, तो 'नी' आणि 'ना' यांत तरी कशाच्या बळावर करणार ? विद्यार्थ्याला ते वाक्य बोचले यात चुलत्यांच्या मांडीचा वाटा होता. पण ते बोचून का गेले हे त्याला शब्दागणिक सांगता आले, यात पडवीतल्या संध्याकाळींचाही होता. उलट बाजूने हेही खरे, की नियमाचा क्रमांक सापडला की सरांची नजर तेथेच थांबे. एकतीस वह्यांत बातमीच्या सत्यासत्यतेबद्दल एकही शेरा नाही. चूक पकडण्याचे समाधान हे एक प्रकारचे वाचन पूर्ण झाल्याचे समाधान असते, आणि ते फार लवकर मिळते.

चुका कबूल करण्याची रीत पुढे वृत्तपत्रांतही आली. लंडनच्या 'गार्डियन'ने १९९७ मध्ये वाचकांसाठी स्वतंत्र संपादक नेमला. मुद्रणदोषांमुळे ज्या पत्राला 'प्रायव्हेट आय'ने 'ग्रॉनिअड' असे टोपणनाव दिले, त्यानेच ही सुरुवात करावी, हे साजेसेच झाले. मद्रासच्या 'हिंदू'ने २००६ मध्ये तोच पायंडा पाडला. ही वार्ता विद्यार्थ्याने फोनवर सांगितली, तेव्हा सरांना मनापासून आनंद झाला. आपले १९७६ चे पत्र तीस वर्षांनी पोचले, असे ते म्हणाले. अशा स्तंभांत नावे, आकडे, तारखा आणि शब्दप्रयोग सुधारले जातात, आणि ते चांगलेच आहे. गोळीबार करावा लागला की केला, याची दुरुस्ती त्या स्तंभात बसत नाही. आज संगणकावर वाक्य टंकित होताहोताच व्याकरण तपासणारी साधने आली आहेत. 'रिझॉर्ट टु ओपन' लिहिले तर ती बहुधा हटकतील. 'रिझॉर्ट टु ओपनिंग' लिहिले तर मात्र त्या वाक्याखाली कोणतीही नागमोडी रेघ उमटणार नाही.

त्या दिवाळीनंतर दोघांत या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही. वह्या चालूच राहिल्या, त्यांची रीत बदलली नाही; नव्या वह्यांतही अव्यये, ऊर्ध्व विराम आणि 'वन ऑफ द' हेच आहे. २००७ मध्ये सरांनी विद्यार्थ्याला एक पोस्टकार्ड पाठविले. त्याने स्वतः लावलेल्या पानावर 'इट्स' चुकले होते. कार्डावर तारीख, पृष्ठांक, स्तंभ आणि नियम, एवढाच मजकूर होता, आणि खाली 'अर्धा गुण'. चूक त्याचीच होती. अशा चुकीची दुरुस्ती पत्रात छापली जात नाही. त्याने कार्ड टेबलाच्या खणात ठेवून दिले.

दोन वर्षांनी सर गेले. घरच्यांनी वह्या रद्दीत घालण्यापूर्वी विद्यार्थ्याला कळविले, म्हणून त्या वाचल्या. खळीला कसर लागली आहे. कात्रणे सुटून पानांत विखुरली आहेत, आणि कोणते वाक्य कोणत्या नियमाखाली होते हे पुष्कळ ठिकाणी आता सांगता येत नाही. १९८१ च्या वहीतले ते कात्रण मात्र जागेवर आहे. 'ओपन'खालची लाल रेघ फिकी पडली आहे. 'हॅड टु रिझॉर्ट' या तीन शब्दांखाली आणखी एक रेघ आहे, पेन्सिलीची, थरथरत्या हाताने ओढलेली. ती केव्हाची, याचा पत्ता लागत नाही. तिच्यासमोर समासात कोणत्याही नियमाचा क्रमांक नाही.